घरात कोणीच आयटीत नाही? दहावी-बारावीतून टेक क्षेत्रात जायचे रस्ते

टेक क्षेत्रात करिअर म्हणजे 'कम्प्युटर इंजिनिअर व्हायचं', एवढंच आपल्याकडे बहुतेक घरांत माहीत असतं. ज्या घरात काका, मावसबहीण किंवा शेजारचं कोणी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथल्या मुलांना बाकीची माहिती जेवता-जेवता मिळते: कुठला कोर्स बरा, फॉर्म कधी सुटतात, कोणता दाखला आधी काढून ठेवायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, आश्रमशाळेतून किंवा वस्तीतल्या रात्रशाळेतून शिकणाऱ्या मुलामुलींना हे सांगणारं घरी कोणी नसतं. दोघांचे मार्क सारखे असले तरी फरक इथे पडतो. म्हणून ती 'घरची माहिती' या लेखात एका जागी ठेवली आहे. तुम्ही नववी ते बारावीत असाल तर आत्ताच वाचा, कारण यातल्या काही गोष्टी निकालानंतर करायला घेतल्या तर उशीर होतो.

आधी परिस्थिती बघू. असर २०२४ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेली मुलं ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. दुसरीकडे, यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या आकडेवारीत देशातल्या ५७.२ टक्के शाळांमध्येच चालू स्थितीतला कम्प्युटर होता. म्हणजे फोन हातात आला, पण कीबोर्डवर बसायची संधी अजून सगळ्यांना मिळालेली नाही, आणि मुलींना फोनसुद्धा बऱ्याचदा भावाकडून मागून घ्यावा लागतो.

## आयटी म्हणजे नुसतं कोडिंग नाही

तुमच्या फोनमधलं रिचार्जचं एखादं अ‍ॅप घ्या. ते कोणासाठी आहे आणि त्यात काय हवं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं हे डिझायनर ठरवतो. तुम्हाला दिसणारा भाग लिहिणारा वेगळा, मागे सर्व्हरवर पैशांचा हिशोब ठेवणारा भाग लिहिणारा वेगळा. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर उठणारी माणसं वेगळी. पैसे कापले गेले पण रिचार्ज झाला नाही, ही तक्रार सोडवणारे सपोर्ट इंजिनिअर वेगळे. शिवाय सायबर सिक्युरिटीवाले, नेटवर्कवाले, आकड्यांतून अर्थ काढणारे डेटा अ‍ॅनालिस्ट. यातल्या सगळ्याच कामांना इंजिनिअरिंगची पदवी लागते असं नाही. टेस्टिंग, सपोर्ट, नेटवर्क आणि हार्डवेअर या कामांत डिप्लोमावाले आणि बीएस्सी-बीसीएवाले मोठ्या संख्येने आहेत.

टेस्टिंगबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ते काम आजच करून बघता येतं. टेस्टरचं काम म्हणजे अ‍ॅप बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणं. नाव मराठीत टाकलं तर जोडाक्षर तुटतं का? नेट मधेच गेलं तर पैसे दोनदा कापले जातात का? स्वस्त फोनच्या लहान स्क्रीनवर 'पुढे' हे बटण दिसतं का? एखादं अ‍ॅप घ्या आणि त्यातल्या दहा अडचणी वहीत लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. कंपनीत बग रिपोर्ट असाच लिहितात. शहरातल्या इंग्रजी टीमच्या नजरेतून सुटणाऱ्या मराठीतल्या चुका तुम्हाला पटकन दिसतील. अ‍ॅप मराठीत आणण्याच्या कामाला लोकलायझेशन म्हणतात, आणि तिथे चांगलं मराठी हीच पात्रता असते.

## धारावीतल्या मुलींनी काय केलं

मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन या फिल्ममेकरने 'धारावी डायरी' नावाचा उपक्रम सुरू केला. आधी त्याच नावाचा माहितीपट, मग २०१४ पासून वस्तीतल्या मुलींसोबत काम. शाळकरी वयाच्या मुली थोड्या लॅपटॉपवर एकत्र बसून एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर शिकल्या. हे मोफत साधन आहे. यात कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून अँड्रॉइड अ‍ॅप तयार होतं.

त्यांनी काय बनवलं ते महत्त्वाचं आहे. 'विमेन फाइट बॅक' या अ‍ॅपमध्ये संकटात मोठा आवाज होतो आणि ओळखीच्या लोकांना मेसेजसोबत आपलं ठिकाण जातं. 'पानी' हे अ‍ॅप सार्वजनिक नळावरच्या रांगेसाठी होतं. नंबर फोनवर लावायचा आणि आपली पाळी आली की हंडा घेऊन जायचं, म्हणजे तासन्‌तास उभं राहायला नको. नळावर कधी उभं न राहिलेल्या माणसाला अशा अ‍ॅपची गरज सुचणं अवघड. वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसं या क्षेत्रात हवीत, याचं माझ्या मते हेच सगळ्यात साधं कारण आहे. बाकी भाषणं बाजूला ठेवली तरी चालतील.

मुलींसाठी टेक्नोव्हेशन नावाची जागतिक स्पर्धाही आहे. आपल्या भागातली अडचण निवडून टीमने अ‍ॅप बनवायचं असतं, आणि भाग घ्यायला फी नसते. शाळेतल्या एखाद्या मॅडमना मेंटॉर व्हायची विनंती करून बघा. तुमच्या शाळेत किंवा जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, तेही विचारा. देशभरात अशा १०,००० लॅब मंजूर झाल्या आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटर कपाटात कुलूप लावून ठेवलेला असतो. चावी मागायला लाजू नका.

## दहावीनंतर

पॉलिटेक्निक डिप्लोमा. माझ्या मते मराठी घरांत सगळ्यात कमी समजून घेतलेला रस्ता हाच. दहावीत किमान ३५ टक्के असले की अर्ज करता येतो. प्रवेश परीक्षा नसते, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. कोर्स तीन वर्षांचा. कम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखा आहेत. त्यानंतर डिप्लोमाच्या मार्कांवर, सीईटी न देता, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

आता हिशोब करा. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि इंजिनिअरिंग चार, एकूण सहा. डिप्लोमा तीन आणि इंजिनिअरिंग तीन, एकूण सहाच. पण दुसऱ्या रस्त्यावर तीन वर्षांनंतर हातात एक पूर्ण प्रमाणपत्र असतं. घरची परिस्थिती मधेच बिघडली तर नोकरी धरता येते. नुसत्या बारावी सायन्सवर तेवढं मिळत नाही.

तोटेही सांगायला हवेत. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना तिथलं गणित जड जातं, कारण बाकीच्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या इंजिनिअर म्हणून पदवीवाल्यांनाच घेतात. आणि सरकारी पॉलिटेक्निक सोडून कुठल्याही खासगी ठिकाणी प्रवेश घेण्याआधी तिथली लॅब स्वतः जाऊन बघा. माहितीपत्रकातला फोटो आणि लॅब यात बरंच अंतर असू शकतं.

आयटीआय. 'कोपा' म्हणजे कम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, हा ट्रेड एक वर्षाचा आहे. फी कमी असते. कम्प्युटरवर हात बसवायला चांगला, पण पुढे शिकायचंय हे डोक्यात ठेवून घ्या. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकसारखा दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा पर्याय मिळतो.

अकरावी-बारावी. सायन्स घेताना गणित सोडू नका, एवढं एक लक्षात ठेवा. 'बायोलॉजी सोपं जातं' म्हणून गणित सोडलं की अर्धे रस्ते तिथेच बंद होतात. आर्ट्स-कॉमर्सला जाणार असाल तर कॉलेजात आयटी हा विषय आहे का विचारा. राज्य मंडळात तो तिन्ही शाखांना घेता येतो.

आणि हो, एमएस-सीआयटी. हा कम्प्युटर साक्षरतेचा कोर्स आहे. सरकारी नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडतो, पण त्यावर सॉफ्टवेअरमधली नोकरी मिळत नाही. घरचे 'कम्प्युटरचा कोर्स झालाय की' म्हणतात तेव्हा हा फरक समजावून सांगावा लागतो.

## बारावीनंतर

इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी. यात निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन असतं. पुण्यातल्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये मराठीतून कम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू केलं. पॉलिटेक्निकमध्येही मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय आहे.

बीसीए कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना करता येतं. मात्र २०२४ पासून बीसीए-बीबीएसाठीही राज्याची सीईटी सुरू झाली आहे, आणि त्या वर्षी पुष्कळ मुलांना हे कळलंच नाही. बीएस्सी कम्प्युटर सायन्सला बहुतेक ठिकाणी बारावी सायन्स लागतं. या दोन्ही पदव्यांनंतर विप्रोचा 'विल्प' हा कार्यक्रम आहे. त्यात नोकरी करता-करता एमटेक करता येतं.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० मध्ये सुरू झाली. तिला जेईई लागत नाही. कोणत्याही शाखेची बारावी चालते, दहावीत गणित आणि इंग्रजी असायला हवं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा. पास झालात तर प्रवेश. मधेच थांबलात तरी त्या-त्या टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये मोठी सवलत आहे. अभ्यास खरोखर अवघड आहे आणि सगळा इंग्रजीत आहे, हे धरून चला.

पदवीशिवायचे रस्तेही आहेत. झोहो या कंपनीने २००५ मध्ये चेन्नईत स्वतःची शाळा सुरू केली. तिथे बारावी किंवा डिप्लोमा झालेल्यांना फी न घेता शिकवतात, वर दरमहा स्टायपेंड देतात. नवगुरुकुल ही संस्था कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना राहण्या-खाण्यासकट मोफत प्रोग्रॅमिंग शिकवते.

## जागा जाते ती कागदावरून

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा.

राखीव जागेवर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते समिती देते आणि त्याला महिने लागू शकतात. वडील किंवा आजोबांच्या काळातले शाळेचे दाखले, जुने महसुली कागद गोळा करावे लागतात. म्हणून अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायचा. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ केली तर मेरिटमध्ये नाव असूनही जागा हातची जाऊ शकते.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. त्याची मुदत संपलेली नाही ना, ते बघा. ईडब्ल्यूएसचा दाखला वेगळा असतो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून करता येतो. अधिवास प्रमाणपत्रही त्याच वेळी काढून टाका.

आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक खातं या तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकते. हे काम सुट्टीतल्या एका दिवसात होतं. जुलैच्या गर्दीत त्यालाच आठवडा जातो.

कॅप राउंडचा पर्याय फॉर्म भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका, जिथे तुम्ही नक्की जाल. पहिलाच पर्याय मिळाला तर तीच जागा घ्यावी लागते, पुढच्या फेरीत दुसरं मागता येत नाही. फॉर्म नेट कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल तर पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि ओटीपी सांगण्याआधी पर्यायांचा क्रम स्वतः वाचा.

## पैशांचं काय

'एवढी फी कुठून आणायची' या एका वाक्यावर अनेक घरांत विषय संपतो. पण पूर्ण फी खरोखर भरावी लागते का, हे आधी तपासा.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के माफी आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. 'आत्ता डोनेशन भरून जागा पक्की करा' असं कोणी म्हणालं तर ही माफी गेली, हे लक्षात असू द्या.

एससी आणि एसटी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहेत, त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयम योजना आहे. खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळते.

एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती डिप्लोमा किंवा पदवीच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, उत्पन्न मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तेवढ्याच रकमेची सक्षम शिष्यवृत्ती आहे. शिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या पाच टक्के जादा जागा असतात, त्यांना ट्यूशन फी नसते. पर्याय फॉर्ममध्ये त्या वेगळ्या निवडाव्या लागतात, आपोआप मिळत नाहीत.

## फोनवर आजपासून काय करता येईल

पायथॉन शिकायला पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप फोनवर चालतं. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात सी, पायथॉन, लिनक्स अशा विषयांचे छोटे व्हिडिओ आहेत, आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड सहावीपासूनच्या मुलांसाठी मोफत आहे.

बोटाने कोड टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे ओटीजी पिन. तिच्यातून साधा यूएसबी कीबोर्ड बहुतेक अँड्रॉइड फोनला जोडता येतो. लॅपटॉप येईपर्यंत तेवढ्यावर बरंच शिकून होतं. मोठं प्रोजेक्ट मात्र फोनवर होत नाही, तिथे शाळेची लॅब किंवा जुना लॅपटॉप शोधावाच लागतो. जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं तर ती आणखी काही वर्षं चालते. ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांना सीईटी-जेईईच्या तयारीसाठी महाज्योती संस्थेने टॅब आणि डेटा दिलेला आहे, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

इंग्रजीची भीती असेल तर एक आकडा बघा. पायथॉन भाषेत राखीव शब्द फक्त ३५ आहेत. तेवढं इंग्रजी कोणालाही येतं. पुढे एरर मेसेज वाचायला आणि मुलाखतीला इंग्रजी लागतं, ते खरं आहे. पण ते कोडिंगच्या सोबत शिकता येतं, आधी इंग्रजी पक्कं करून मग कोडिंग अशी काही अट नाही.

डोळ्यांनी दिसत नसेल तरी हा रस्ता बंद नाही. कम्प्युटरच्या स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध प्रोग्रॅमर्सनी २००६ मध्ये बनवायला घेतलं, आणि आज ते जगभर वापरलं जातं. फोनवर टॉकबॅक आधीपासूनच असतं.

## 'जॉब गॅरंटी'वाल्यांकडे जाण्याआधी

बारावीनंतर तुमच्या फोनवर जाहिरातींचा पाऊस पडेल: सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट, नोकरी लागल्यावर फी. सगळेच क्लास वाईट नसतात. पण सही करण्याआधी विचारा की हप्ता नेमका कोणाला जाणार. अनेकदा फी म्हणजे एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर. क्लास बंद पडला तरी हप्ते चालूच राहतात, आणि ते थकले की सिबिल स्कोअर बिघडतो. उद्या शैक्षणिक कर्ज मागायला गेलात की तेच आडवं येतं.

क्लासवाल्याकडे मागच्या बॅचमधल्या तीन मुलांचे नंबर मागा आणि त्यांना स्वतः फोन करा. पगार किती लागला हे पहिल्याच फोनवर विचारू नका. दिवसभर नेमकं काय काम करता, त्यातलं किती क्लासमध्ये शिकवलं होतं, नोकरी क्लासने लावली की स्वतः शोधली, आणि फीचा हप्ता अजून चालू आहे का, एवढे चार प्रश्न पुरतात. एकही नंबर द्यायला तयार नसतील तर तिथून उठून यायला हरकत नाही.